चूपआत्या आणि रुसलेला हीटर

कुणाच्या कारखान्यात हीटर दुरुस्त करायला गेली, की शिडी उघडण्याआधी, हत्यारांची पेटी खाली ठेवण्याआधी ती एकच शब्द बोलायची. "चूप." मग यंत्रं थांबायची, रेडिओ बंद व्हायचा, हातोडी उगारलेला माणूस ती अलगद खाली ठेवायचा, आणि साठीला टेकलेली ही बाई मान एका बाजूला कलती करून छताला टांगलेल्या हीटरकडे कान लावून उभी राहायची. आत्या ती खरी फक्त भावाच्या दोन मुलींची. पण त्या मुली लहानपणी तिचं बोट धरून सगळीकडे हिंडायच्या. त्यांच्या तोंडून ते नाव गल्लीनं उचललं, गल्लीकडून बाजारपेठेनं, आणि पुढे कुणीतरी त्याच्या आधी 'चूप' जोडून दिलं. लोक तिला तोंडावरच चूपआत्या म्हणायचे आणि तिला त्यात वावगं काही वाटायचं नाही.

हा कान तिला वडिलांकडून मिळाला होता. वडील शेगड्या आणि हीटर दुरुस्त करायचे. थोरल्या भावाला हाताला काळं लागलेलं खपायचं नाही, तो शाळामास्तर झाला. ही धाकटी मात्र शाळा सुटली की दप्तरासकट दुकानात. वडील तिला डोळे मिटून स्टुलावर बसवायचे, हीटर सुरू करायचे आणि विचारायचे, आता काय झालं? व्हॉल्व्ह उघडल्याचा टिक्, गॅस पेटल्याचा भप्प, पत्रा तापतानाची कडकड आणि मग मोठ्या पंख्याची घरघर. हा क्रम तिला पाढ्यांच्या आधी पाठ झाला. वडिलांचं एक ठाम मत होतं की यंत्र खोटं बोलत नाही, माणसं मात्र स्वतःच्याही नकळत बोलतात. गिऱ्हाइकाला विचारावं, तुम्ही ह्याला काही केलंत का? ते म्हणणार, छे हो, हातसुद्धा लावला नाही. आणि झाकण उघडावं तर आतले निम्मे स्क्रू गायब. म्हणून माणसांना आधी गप्प बसवायचं आणि मग कामाला लागायचं, अशी त्यांची शिकवण. वडील गेले, दुकान तिच्याकडे आलं, आणि ही शिकवण तिनं चाळीस वर्षं अक्षरशः पाळली.

नवरा मात्र तिला नेमका ह्याच्या उलट मिळाला.

तो बसचा कंडक्टर. आगाराच्या वेटिंग रूममधला हीटर बघायला ती गेली होती तेव्हा बावीस-तेवीस वर्षांची असेल. तिनं चूप म्हटलं, सगळे गप्प झाले, हा मात्र सकाळच्या फेरीत कुणीतरी बसमध्ये चढवलेल्या बकरीची गोष्ट रंगवत राहिला. तिनं शिडीवरून खाली वाकून त्याच्याकडे बघत पुन्हा चूप म्हटलं. त्यावर तो अकरा मिनिटं गप्प बसला. त्याच्या आयुष्यातला तो उच्चांक आहे आणि अजून मोडलेला नाही. पुढे चारचौघांत तो सांगायचा, "त्या अकरा मिनिटांत मी लग्नाचं ठरवलं. तोंड बंद असलं की मला असलं काहीतरी सुचतं, म्हणून मी ते बंद ठेवत नाही."

संसार सुखाचा झाला. ती दिवसभर पंख्यांच्या घरघरीतून घरी यायची ती शांततेला भुकेली, आणि तो यायचा अख्खी बस डोक्यात घेऊन. कोण कुठे चढलं, कुणाची सून माहेरी निघाली होती, कुणाची छत्री कुणी नेली, सगळं तो जेवताना सांगायचा. ती "हं" म्हणायची. ह्या एका हंचे तिच्याकडे सात-आठ प्रकार होते आणि त्याला ते सगळे कळायचे. लेक लग्न होऊन दूर गेली. तिचा फोन आला की बाप अर्धा तास बोलायचा, आणि मग आई फोन घेऊन विचारायची, "जेवलीस? बरं," आणि ठेवून द्यायची. तेवढ्यानं लेकीचं समाधान व्हायचं हेही खरं.

ही गोष्ट घडली त्या वर्षी दोन गोष्टी एकदम झाल्या. कंडक्टर निवृत्त झाला आणि चूपआत्याचा उजवा गुडघा कुरकुरायला लागला. शिडी चढता यायची, पण शिडी खांद्यावर टाकून चालणं जमेना. कंडक्टर घरात बसून भिंतींशी बोलायच्या बेतात आला होता. तो म्हणाला, शिडी मी घेतो. तिनं बराच विचार केला आणि एक अट घातली. शिडी आत आणून ठेवायची आणि काम संपेपर्यंत बाहेर जाऊन बसायचं. त्यानं अट लगेच मान्य केली. बाहेरही माणसं असतातच, हे त्याला ठाऊक होतं.

थंडी चांगलीच पडली होती तेव्हा खुर्च्यांच्या कारखान्यातून फोन आला. कारखाना म्हणजे एक लांबट शेड. एका टोकाला करवतीची आणि रंध्याची यंत्रं, मध्ये जोडणीची टेबलं, दुसऱ्या टोकाला पॉलिशचा कोपरा. मालक स्वतः सुतार, सगळे त्याला मिस्त्री म्हणत. धिप्पाड माणूस, पण बोलणं इतकं हळू की पुढच्याला वाकून ऐकावं लागे. गावातल्या वाचनालयात मुलांची नवी खोली होत होती आणि तिच्यासाठी साठ छोट्या खुर्च्या पुढच्या शनिवारपर्यंत द्यायच्या होत्या. मिस्त्रीनं आयुष्यभर मोठ्यांच्या खुर्च्या केल्या होत्या. ह्या छोट्या खुर्च्यांवर त्याचा जीव जडला होता. आणि नेमका ह्याच आठवड्यात हीटर बंद पडायला लागला होता. गारठ्यात गोंद धरत नव्हता आणि पॉलिश वाळत नव्हतं. संध्याकाळी जोडलेला पाय सकाळी हातात येत होता.

चूपआत्या आत शिरली. कंडक्टरनं शिडी उभी केली. "चूप," ती म्हणाली, आणि शेडमधलं एकूण एक यंत्र थांबलं. सहाही कामगार पाय न वाजवता पलीकडच्या चहाच्या खोलीत गेले. त्यांच्यामागून कंडक्टरही गेला.

तिनं भिंतीवरचा थर्मोस्टॅट वर केला आणि कान दिला. हा हीटर नव्या धर्तीचा होता. आधी धूर बाहेर ढकलणारा छोटा पंखा गुणगुणायला लागला. मग एक बारीकसा टिक्. तो एका स्विचचा. धूर बाहेर नीट ओढला जातोय ना, एवढंच तो बघतो, आणि ओढ असेल तरच पुढे जाऊ देतो. मग ठिणगीची टकटक, मग भप्प, आणि अर्ध्या मिनिटानं मोठा पंखा. कुठे काही अडलं नाही. सूर स्वच्छ होता, फक्त मोठा पंखा किंचित जड वाटत होता. तिनं तो उघडला तर पात्यांवर भुशाचा बोटभर थर. तिनं पाती पुसली, बर्नर ब्रशनं घासला, सगळं पुन्हा बसवलं. हीटर अर्धा तास तक्रार न करता चालला. शेड उबदार झाली. पॉलिशवाली आत आली आणि तिनं अंगावरच्या तीन स्वेटरांपैकी एक काढला. सगळे खूश. चूपआत्यानं पेटी उचलली आणि दोघं घरी आली.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता मिस्त्रीचा फोन. हीटर बंद पडला होता.

पुन्हा शिडी, पुन्हा चूप, पुन्हा कामगार चहाच्या खोलीत. हीटरनं पुन्हा सगळा क्रम न चुकता म्हणून दाखवला, शाळेत तपासणीला साहेब आल्यावर ढ पोरानं कविता म्हणावी तसा. चूपआत्यानं तरीही काही गृहीत धरलं नाही. तिनं गॅसचा दाब मोजला. ज्योत पेटली आहे हे ओळखणारी लहानशी दांडी काढून नवीन बसवली. तारांची टोकं घट्ट केली. धुराच्या पाइपात पाखरानं घरटं केलंय का, हे बाहेरून काठीला आरसा बांधून बघितलं. पाइप साफ होता. हीटर तासभर चालला. ती निघाली तेव्हा मिस्त्रीनं हात जोडले, आणि ती घरी पोचते न पोचते तोच फोन वाजला.

तिसऱ्या दिवशीही तेच. ती समोर असली की हीटर गुणी बाळ, तिची पाठ फिरली की रुसला. त्या दिवशी ती दोन तास शिडीखाली उभी राहिली. शेडमध्ये टाचणी पडली तरी ऐकू आली असती. आणि पलीकडे चहाच्या खोलीत मात्र हशा पिकला होता, कारण कंडक्टर बकरीच्या गोष्टीपर्यंत पोचला होता.

दुपारी ती पुन्हा शिडीवर होती, तेव्हा मिस्त्री जवळ आला. त्याचं तोंड उतरलं होतं. तो म्हणाला की विजेची कामं करणारा एक ओळखीचा माणूस काल येऊन बघून गेला. त्याच्या मते सगळा दोष त्या स्विचचा. त्याच्या दोन तारा एकमेकींना जोडून टाकल्या की स्विच मध्येच येणार नाही आणि हीटर बंद पडायचा नाही. आत्या हो म्हणत असतील तर पाच मिनिटांचं काम होतं.

चूपआत्या शिडीवरून खाली उतरली. एरवी ती उतरण्याची तसदी घ्यायची नाही.

"मिस्त्री, तो स्विच तुमचा राखणदार आहे," ती म्हणाली. "धूर बाहेर जात नसेल तरच तो गॅस तोडतो. त्याचं तोंड बांधलंत, तर तो धूर खाली तुमच्या माणसांच्या छातीत जाईल. त्यातल्या विषारी वायूला वास नसतो. माणसाला नुसती झोप आल्यासारखं वाटतं, आणि मग तो उठत नाही. गारठ्यात बसा, पण हे करू नका. माझ्या हयातीत मी हे कुणाला करू दिलेलं नाही."

मिस्त्रीनं मान हलवली. ओशाळला होता, पण त्यानं ऐकलं. मग त्यानं हळूच विचारलं, शनिवारचं काय करू? तिनं हत्यारांची पेटी मिटली. चाळीस वर्षांत दोष न सापडता पेटी मिटायची वेळ क्वचितच आली होती. घरी येताना ती एरवीपेक्षाही गप्प होती, आणि कंडक्टरनं ते ओळखून वाटेत फक्त हवामानावर बोलणं ठेवलं.

संध्याकाळी दोघं जेवायला बसली. तिनं ताटात बटाट्याचे तुकडे इकडचे तिकडे केले. कंडक्टरला हे बघवेना. बायकोचा मूड सुधारायचा त्याच्याकडे एकच उपाय होता, आणि तो म्हणजे बोलणं.

त्यानं चहाच्या खोलीतली तीन दिवसांची बातमीपत्रं वाचायला घेतली. करवतीवरच्या माणसाला मुलगी झाली होती. जोडणीवाल्या दोघा भावांचं आपसात बोलणं बंद होतं, पण एकमेकांचा चहा मात्र ते न विसरता भरत. ती हं म्हणत राहिली, सर्वांत पातळ हं.

"आणि ती पॉलिशवाली, भारी विनोदी बाई," कंडक्टर म्हणाला. "ती म्हणते, काका, ह्या हीटरला माणसं आवडत नाहीत. सकाळी मिस्त्री सातला येऊन एकटे असतात तोवर चालतो. आठला आम्ही कामाला लागलो, की साडेआठला बंद. जेवायच्या सुट्टीत आम्ही इकडे येऊन बसलो, की पुन्हा आपला आपण चालू. मी म्हटलं, बाई, असा एक ड्रायव्हर आमच्याकडेही होता."

चूपआत्याचा घास हातात राहिला.

"पुन्हा सांगा," ती म्हणाली.

"ड्रायव्हरचं?"

"नाही हो. आठला ते काय सुरू करतात?"

"काय म्हणजे? यंत्रं. करवत, रंधा, आणि ते भुसा ओढणारं मोठं धूड. त्याचा तो हत्तीच्या सोंडेएवढा पाइप भिंतीतून बाहेर गेलाय. मला माहितीये, कारण ते चालू असलं की बाहेरचं दार उघडता उघडत नाही. काल तू आत यायच्या आधी शिडी घेऊन मी दार ओढतोय, ओढतोय, वाटलं आतून कुणीतरी धरून ठेवलंय. पॉलिशवाली म्हणाली, काका, दार रुसतं, यंत्र बंद झालं की उघडेल. आणि खरंच, तू येतेयस असं दिसताच त्यांनी यंत्र थांबवलं आणि दार एका बोटानं उघडलं. नाहीतर मिस्त्रीनं दार किती छान करून घेतलंय. चहूबाजूंनी रबर. खिडक्यांनासुद्धा. गेल्या हिवाळ्यात फटींतून वारं यायचं म्हणून सगळ्यांनी कटकट केली, तर सढळ हातानं रबर लावलंय बिचाऱ्यानं."

तो बोलता बोलता थांबला, कारण बायको हसत होती. आवाज न करता, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होती.

"काय झालं गं?"

"तीन दिवस," ती म्हणाली. "तीन दिवस मी त्यांची यंत्रं बंद करून त्यांच्या हीटरला ऐकत बसले. आणि ती यंत्रं बंद असली की त्याला काही दुखतच नाही."

मग तिनं त्याला समजावून सांगितलं, आणि हे मोठंच आक्रीत होतं, कारण कामाबद्दल ती त्याच्याशी सहसा बोलत नसे. भुसा ओढणारं यंत्र भुशाबरोबर हवाही ओढतं आणि बाहेर टाकतं. गेल्या हिवाळ्यापर्यंत तेवढीच हवा फटींतून आत यायची, हिशेब मिटायचा. आता मिस्त्रीनं एकही फट ठेवलेली नाही. शेड म्हणजे झाकण घट्ट बसलेली बरणी. यंत्र आतून हवा ओढतंय आणि बाहेरून यायला वाट नाही, म्हणून दार आत खेचलं जातंय, आणि म्हणूनच हीटरचा बिचारा छोटा पंखा धूर बाहेर ढकलायला जातो तेव्हा समोरून हवा उलटी आत घुसते. स्विचला ओढ दिसत नाही. तो गॅस तोडतो. त्याची काहीच चूक नाही. मिस्त्रीनं जितकी थंडी अडवली तितका हीटर गुदमरला.

"म्हणजे माझ्या गप्पांमुळे कळलं," कंडक्टर म्हणाला.

"पॉलिशवालीच्या गप्पांमुळे."

"पण त्या आणल्या कुणी?"

तिनं हं म्हटलं. हा प्रकार त्यानं लग्नाच्या इतक्या वर्षांत पहिल्यांदा ऐकला, आणि त्या समाधानात त्यानं तिच्या ताटातला बटाटाही संपवला.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता ती शेडमध्ये उभी होती. तिला बघताच करवतीवाल्यानं सवयीनं बटणाकडे हात नेला.

"बंद नको," ती म्हणाली. "सगळं चालू करा. करवत, रंधा, भुशाचं यंत्र, रेडिओसुद्धा. आणि बोला."

कामगार एकमेकांकडे बघायला लागले. जोडणीवाले दोघे भाऊ तर इतके चकित झाले की धाकट्यानं थोरल्याला चक्क विचारलं, "आत्यांना बरं नाही का?" थोरला म्हणाला, "काय माहीत." अशा रीतीनं त्यांचा सहा आठवड्यांचा अबोला मोडला, आणि हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

यंत्रांच्या गदारोळात तिच्या कानाला काडीचाही उपयोग नव्हता. तिला हे थोडं चमत्कारिक वाटलं, भर बाजारात चष्मा हरवावा तसं. मग तिनं पॉलिशवालीकडून पातळ कागदाची एक पट्टी मागून घेतली आणि कंडक्टरला दार बोटभर उघडं धरायला लावून त्या फटीशी धरली. पट्टी ताठ आडवी होऊन आत फडफडायला लागली. वारं नसलेला दिवस होता. तिनं पट्टी मिस्त्रीला दाखवली, मग दार लावायला सांगितलं आणि सगळे मिळून हीटरकडे बघत बसले. वीस मिनिटं गेली. हीटरवरचा हिरवा दिवा गेला, लाल लुकलुकायला लागला. मोठा पंखा मंदावत थांबला.

"आला राग," पॉलिशवाली म्हणाली.

चूपआत्या हीटरजवळच्या खिडकीपाशी गेली. तिनं कडी काढली आणि खिडकी सताड उघडली. गार हवेचा लोट आत आला. कामगारांनी माना आत ओढल्या. एक जण म्हणाला की हीटर बंद आहे म्हणून बाईंना बोलावलं, तर त्या उरलेली ऊबही घालवायला निघाल्या. मिस्त्रीनं रबराच्या पट्टीवरून असा हात फिरवला की ते लावताना त्याला किती दिवस लागले असतील ते कळलं.

तिनं हीटर पुन्हा सुरू केला. छोटा पंखा फिरताना दिसला. टिक् कुणालाच ऐकू आला नाही. पण जाळीतून निळी ज्योत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावली, ती सहाही जणांना दिसली. थोड्या वेळानं डोक्यावर गरम हवा आली. दहा मिनिटं झाली, वीस झाली, चाळीस झाली. करवत चालली होती, रंधा चालला होता, भुशाचं यंत्र घोंघावत होतं, खिडकी उघडी होती, आणि हीटर जळत होता. कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि मग सगळ्यांनी वाजवल्या.

मिस्त्री वाकून तिला म्हणाला, "म्हणजे हे सगळं मीच करून ठेवलं."

"तुम्ही माणसांसाठी केलंत," ती म्हणाली. "आता त्याला एक नाक करून देऊ."

त्याच दुपारी ते नाक झालं. हीटरच्या मागच्या भिंतीत एक चौकोनी भोक पाडलं, त्याला पाऊस आणि पाखरं अडवणारी तिरक्या पट्ट्यांची जाळी बसवली, आणि आतून पत्र्याचा एक छोटा मार्ग अशा बेतानं नेला की बाहेरची हवा थेट कामगारांच्या मानेवर न पडता हीटरपाशी यावी आणि गरम होऊनच खाली उतरावी. भिंत फोडायला दोघे भाऊ लागले, पत्रा तिनं कापला. मग खिडकी लावून टाकली. तिनं कागदाची पट्टी पुन्हा दाराशी धरली, ती आता नुसती लोंबत राहिली. मिस्त्रीनं त्या भोकाला आतून गोल कोपऱ्यांची लाकडी चौकट केली. तिची काडीची गरज नव्हती. तिच्यावर त्यानं पॉलिशही मारून घेतलं, आणि ते तासाभरात वाळलं म्हणून पॉलिशवाली स्वेटर न घालता सगळ्यांना ते बोट लावून बघायला सांगत फिरली.

उरलेले दिवस शेडमध्ये नुसती धमाल होती. गोंद धरत होता, पाय जागच्या जागी राहत होते, आणि पूर्ण झालेल्या खुर्च्या भिंतीला लावून एकावर एक चढत होत्या, लाल, पिवळ्या, हिरव्या. चूपआत्या रोज एकदा येऊन जायची. येण्याची काही गरज नव्हती. ती म्हणायची, पट्टी धरून बघते. ती पट्टी धरायची, मग चहाच्या खोलीत जाऊन कोपऱ्यात बसायची आणि कंडक्टर आणि पॉलिशवाली ह्यांचं चाललेलं ऐकायची. करवतीवाल्यानं मुलीचं नाव काय ठेवावं ह्यावर तिथे एकदा मतदान झालं, त्यात तिनंही हात वर केला.

शनिवारी सकाळी साठ खुर्च्या वाचनालयात पोचल्या. मिस्त्रीनं दोघांनाही आग्रहानं बोलावलं होतं. खोलीला मोठ्या काचा होत्या आणि ऊन थेट जमिनीवर पडलं होतं. मुलं आत सोडली तेव्हा त्यांनी आधी खुर्च्या पळवल्या, मग रांग लावून आगगाडी केली, मग उलट्या करून किल्ला केला, आणि सगळ्यांत शेवटी त्यांवर बसली. मिस्त्री दाराशी उभा राहून बघत होता. एक खुर्ची धाडकन पडली, मुलानं ती उचलून सरळ केली आणि पाय तपासून पाहिले. मिस्त्री एवढंच म्हणाला, "हलणार नाही, बाळ," आणि इतक्या हळू म्हणाला की ते फक्त चूपआत्याला ऐकू गेलं.

वाचनालयाच्या बाईंनी विचारलं, मुलांना कुणी गोष्ट सांगेल का, आणि त्यांचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत कंडक्टर मध्ये जाऊन बसलाही होता. बकरी बसमध्ये चढली. साठ मुलांनी श्वास रोखला. चूपआत्याला उभं राहून गुडघा दुखायला लागला म्हणून तिनं मागच्या बाजूची एक पिवळी खुर्ची ओढली आणि ती तिच्यावर बसली. तिचे गुडघे हनुवटीला लागले. खुर्ची कुरकुरलीसुद्धा नाही.

शेजारच्या खुर्चीवर पाच-सहा वर्षांची एक मुलगी होती. तिचं गोष्टीत लक्ष नव्हतं. ती बराच वेळ चूपआत्याकडे बघत होती. मग तिनं विचारलं, "तू कुणाची आजी?"

"इथली कुणाचीच नाही. मी हीटर दुरुस्त करते."

मुलीनं विचार केला. "आमच्या घरी हीटर आहे. तो खोकतो."

चूपआत्यानं मान कलती केली. पलीकडे बकरीनं तिकीट खाल्लं होतं आणि सगळी खोली हसत होती.

"कसा खोकतो?" तिनं विचारलं. "करून दाखव."

मुलीनं गाल फुगवले, डोळे मिटले आणि हीटर खोकतो तसं खोकून दाखवलं, आधी दोनदा कोरडं, मग एक लांबलचक, ओलं.

"असं होय," चूपआत्या म्हणाली आणि खुर्ची तिच्या आणखी जवळ सरकवली. "आणि तेव्हा घरात काय चालू असतं, ते सांग. सगळं सांग."